मोरूभाऊ आणि त्यांच्या चतुःसीमा

ईरा, तू पाठवलेली श्रद्धांजलीची लिंक मी चष्मा पुसून वाचली. 'कोकणातील कायदेविषयक ब्लॉगलेखनाचे जनक' असं त्यात मोरूभाऊंना म्हटलं आहे. 'सामान्य माणसाचा कैवारी' असंही म्हटलं आहे. खाली तू विचारतेस, "आजी, हे आपल्या शेजारचेच ना? किती गोड दिसतात!" फोटोत ते गोड दिसतात खरे. तोंड बंद असलं की मोरूभाऊ नेहमीच गोड दिसायचे.

तू आता कायदा शिकते आहेस, म्हणून तुला लिहिते. तुझा भाऊ निखिल हे वाचणार नाही, तरी पत्रावर त्याचंही नाव घालते. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल वाईट लिहू नये, असं आमच्या वेळी शिकवत. मोरूभाऊ तर माणूस जायचीसुद्धा वाट बघत नसत, तेव्हा त्यांच्या बाबतीत हा नियम मी बाजूला ठेवते.

आपल्या घराला लागून त्यांचं घर. मध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा. पुढे त्यांची ओटी, तिथेच त्यांचं ऑफिस. काळा कोट ओटीच्या खांबाला रस्त्याकडे तोंड करून टांगलेला असे. पाऊस झडीचा असला तरी तो आत जात नसे, कारण वकील घरी आहे हे लोकांना कळलं पाहिजे. कोटाला वर्षभर बुरशीचा वास येई. ठेंगणा, गोरा, स्वच्छ माणूस. बोलताना उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर आपटायची आणि म्हणायचं, "मुद्द्यावर या." अशील मुद्द्यावर आलं की रडू लागे, मग म्हणायचं, "रडून घ्या आधी. रडणं पुराव्यात येत नाही." रत्नागिरीत हे वाक्य म्हणीसारखं झालं होतं. लोक हसून सांगत. ज्यांना ते ऐकावं लागलं होतं ते सांगत नसत.

कुंदावहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, सख्खा भाऊ चिपळूणला वारला. फोन स्वयंपाकघरात वहिनींनीच घेतला. त्या रडत ओटीवर आल्या. मोरूभाऊंनी हातातला कागद खाली ठेवला, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मृत्युपत्र केलं होतं का?" हे मला वहिनींनीच सांगितलं, आणि सांगताना त्या हसत होत्या. त्या घरात राहायचं तर हसायला शिकावं लागत असे.

मोरूभाऊंची वकिली दिवाणी. वाटण्या, वहिवाटी, कुळांची प्रकरणं, पाणंदीवरून झालेली भांडणं. मुंबईतला भाऊ आणि गावातला भाऊ यांच्यात एक आंब्याचं झाड असलं, की मोरूभाऊंची दोन वर्षांची सोय होई. वकील ते चांगले होते, हे मी नाकारत नाही. पण साठीनंतर कान गेले. यंत्र लावायला तयार नाहीत, म्हातारा दिसेन म्हणून. एकदा न्यायाधीशांनी त्यांचा अर्ज नामंजूर केला आणि हे वाकून म्हणाले, "आभारी आहे, साहेब." बाररूम आठवडाभर त्यावर जगली. हळूहळू अशिलं दुसऱ्या ओट्यांवर जाऊ लागली. कोट मात्र खांबाला लटकतच होता.

तेव्हा त्यांच्या पुण्याच्या मुलाने लॅपटॉप आणून दिला. कान नसलेल्या माणसाला याहून चांगली जागा कोणती? तिथे कुणी उलट बोललं तर ते लिहूनच येतं, आणि नको असेल तर पुसता येतं. मोरूभाऊंनी ब्लॉग काढला, 'ओटीवरचा कायदा'. वकिलाला जाहिरात करता येत नाही, दारावरची पाटीसुद्धा साधी असावी लागते, हे तू शिकली असशीलच. मोरूभाऊ मला म्हणत, "ही जाहिरात नव्हे वहिनी, हे लोकशिक्षण आहे." दर सोमवारी एक लेख. ते खुर्चीत मागे रेलून सांगत आणि नाजनीन नावाची त्यांची ज्युनिअर टाइप करी. भराभर, मान खाली घालून.

लेख वाचनीय असत. क्लिष्ट कलमं ते गोष्ट सांगून समजावत, आणि गोष्ट खऱ्या माणसाची असे. दापोलीहून, लांज्याहून माणसं छापलेली पानं घेऊन यायला लागली. हर्णैचा एक मासळीचा व्यापारी तर पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून आला होता, बर्फाचं पाणी लागू नये म्हणून. मोरूभाऊंचं पाहून बाकीचेही सरसावले. वर्ष-दोन वर्षांत बाररूममध्ये ब्लॉग नाही असा तरुण वकील उरला नाही. कुणी न वटलेल्या चेकवर लिही, कुणी अपघाताच्या भरपाईवर. एकाने नुसते काळ्या कोटातले स्वतःचे फोटो टाकले आणि खाली निकालपत्रं चिकटवली. सगळ्यांना वाचक हवे होते आणि वाचकांना हवी होती माणसं. ती सगळ्यांकडे फायलींत होतीच. पण मोरूभाऊंइतकी ती कुणाला खुलवता आली नाहीत.

त्यांचा पहिला बळी त्यांच्याच वयाचा एक वकील. त्या गृहस्थाने एकदा चुकून दुसऱ्याच दाव्याची फाइल उघडून पाऊण युक्तिवाद केला होता. मोरूभाऊंनी त्यावर लेख लिहिला. नाव घातलं नाही, फक्त त्यांची तपकिरीची चांदीची डबी आणि शिंकेआधी 'मिलॉर्ड' म्हणायची सवय लिहिली. त्या डबीचा मालक पुन्हा बाररूममध्ये बसला नाही. दुपारचा डबा तो कोर्टाच्या मागे वडाच्या पारावर एकटा खाई. मोरूभाऊंना कुणी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "झाडाखाली हवा चांगली."

मग माझी पाळी आली. आपल्या माडाची एक झावळी त्यांच्या पडवीवर पडली होती, दोन कौलं फुटली. मी माणूस पाठवून कौलं बसवून दिली, विषय संपला असं मला वाटलं. सोमवारनंतर दारावर मासेवाली आली. टोपली उतरवत म्हणते, "काय वहिनी, तुमचा माड म्हनं नेटवर आला? आमच्या पोरान वाचून दाखवलान. बांगडे देऊ का सुरमय?"

मी वाचलं. 'श्रीमती सावित्रीबाई (नाव बदलले आहे) यांच्या मालकीचा माड.' आणि पुढे: 'पूर्वेस नगरपालिकेचा नळ, पश्चिमेस प्रस्तुत लेखकाचे घर, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस पडीक विहीर.'

मी गडग्याशी जाऊन, ऐकू जावं म्हणून ओरडून विचारलं, "मोरूभाऊ, नाव बदललंत, मग हे कशाला?"

"काय कशाला?"

"नळ, विहीर, तुमचं घर!"

त्यांना माझ्या अज्ञानाची कीव आली. "वहिनी, चतुःसीमा नसल्या तर मिळकत ओळखू कशी येणार?"

ईरा, तुला परदेशात हे शिकवत नसतील. आपल्याकडे जमिनीच्या दाव्यात मिळकतीच्या चारही बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. त्याला चतुःसीमा म्हणतात. त्या चुकल्या तर दावा लंगडा पडतो. चाळीस वर्षं मोरूभाऊंनी चतुःसीमेशिवाय एकही मिळकत कागदावर येऊ दिली नव्हती. ब्लॉग लिहितानाही हात थांबत नसे. कंसात 'नाव बदलले आहे' लिहिलं की माणूस लपला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. कोकणात माणसाला नावाने कोण ओळखतो? पऱ्यापलीकडचा, म्हणजे ओढ्यापलीकडचा, सड्यावरचा, देवळाखालचा, अशीच तर माणसं ओळखतात.

त्याच सुमारास द्वारकाबाई त्यांच्याकडे येऊ लागल्या. खाडीपलीकडच्या गावातल्या शेतकरी घरातली विधवा, पन्नाशीची, मूलबाळ नाही. नवरा मुंबईत गोदामात कामाला असायचा. हिने गावी सासूसासऱ्यांचं केलं, वरकस, डोंगरउताराच्या जमिनीत डोक्यावरून पाणी घालून आंब्याची कलमं जगवली. नवरा गेल्यावर दीर तिचं नाव वारस म्हणून लावू देईना. ती मोरूभाऊंकडे आली कारण ते पैशासाठी अडवून धरत नसत. तेही खरं आहे, त्यांचे बरेच दावे फुकट असत.

बहिऱ्या वकिलाला गुपित सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं. मी माझ्या खिडकीत तांदूळ निवडत होते.

"त्यांचा आधी मुंबईत लगीन झालेला हाय!" द्वारकाबाईंचा आवाज आला.

"काय?"

"लगीन! माज्या आदी! ती बाई जिती हाय! मरताना मला सांगितलानी! दिराला म्हाईत नाय!"

मी उठून रेडिओ लावला, पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं. पहिली बायको जिवंत असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याने लग्नच नसतं. म्हणजे द्वारकाबाई विधवाही नव्हती आणि वारसही नव्हती. घर, कलमं, सगळं या एका वाक्यावर टांगलेलं.

मोरूभाऊंनी सल्ला अगदी योग्य दिला. "आता हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही. त्यांना सिद्ध करता आलं तर करू देत. आपण होऊन बोलायचं नाही. कळलं? कुणाशीही नाही."

"नाय बोलत, सायब."

ती बोलली नाही. मोरूभाऊंनी लिहिलं.

त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रश्न कायद्याच्या दृष्टीने सुरेख होता आणि सोमवार जवळ आला होता. 'दुसरी पत्नी आणि वारसा: एक करुण कहाणी.' बाईचं नाव पुन्हा सावित्रीबाई, कंसात नाव बदलले आहे. आणि पुढे, 'पूर्वेस पऱ्या, पश्चिमेस पाणंद, उत्तरेस बंद पडलेली चिरेखाण, दक्षिणेस शिमग्यात पालखी बसते ती सहाण.' सहाण गावात एकच असते, आणि तिच्या उत्तरेला एकच घर. नाजनीन टाइप करता करता थांबली होती. "सर, हे काढू या का?" मोरूभाऊ म्हणाले, "मिळकत हवेत असते का?"

लेख गाजला. अभिप्रायांचा ढीग आला. ते मला गडग्यावरून वाचून दाखवत. एक दिवस फार खुशीत होते. "हे ऐका वहिनी. मुंबईहून कुणी संतोष लिहितो, 'सर, अत्यंत उपयुक्त माहिती. अशा केसमध्ये पहिले लग्न शाबीत करायला काय काय लागते?' बघा, पोरांना कायद्याची किती गोडी लागली आहे!" आणि त्यांनी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. विवाह नोंदणीचा दाखला मिळवावा. लग्नाला हजर असलेला साक्षीदार शोधावा. शक्य असल्यास पहिल्या पत्नीलाच उभं करावं, आणि तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं तर फारच उत्तम, म्हणजे मिळकतीत तिचाही हिस्सा उरत नाही. शेवटी 'आपणांस यश चिंतितो.'

संतोष द्वारकाबाईंच्या दिराचा मुलगा होता. बापाच्या बाजूने काही सापडतं का, म्हणून तो नेटवर शोधत बसला होता आणि त्याला स्वतःचं घर सापडलं.

कोर्टात पुढे काय झालं ते नाजनीनने सांगितलं. समोरच्या वकिलाने कागद काढले ते मोरूभाऊंनी ज्या क्रमाने सांगितले होते त्याच क्रमाने. दाखला, साक्षीदार, हक्कसोडपत्र. पहिली बायको बाहेर बाकावर बसली होती, तिच्या हातातली पिशवी सुटत नव्हती. द्वारकाबाई पिंजऱ्यात. वकिलाने विचारलं, "तुमच्या यजमानांचं आधी लग्न झालं होतं, हे तुम्हाला माहीत होतं की नाही?" मोरूभाऊंना ऐकू आलं नाही. नाजनीनने प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवला. चष्मा लावून, वाचून, हरकत घ्यायला ते उभे राहिले तोवर द्वारकाबाई 'हो' म्हणून बसल्या होत्या. शपथ घेतली होती ना.

दावा फेटाळला गेला. त्या वर्षी शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा घरच्या माणसाने द्यायचा नारळ जावेने तिच्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "तू घरची कुठं? कोर्टान सांगितलान." शेजारच्या कुणा मुलीने मोबाइलवर तो लेख तिला वाचून दाखवला. तेव्हा कुठे द्वारकाबाईला कळलं की दिराला हे कुणी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती ओटीवर आली. मी कुंदावहिनींना फणसाचे गरे द्यायला गेले होते. ती ओरडली नाही. मोरूभाऊंच्या अगदी कानाशी जाऊन म्हणाली, म्हणून त्यांना ऐकू आलं.

"नाव नाय लिवलंत वकीलसायब. घर लिवलंत."

मोरूभाऊंनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "दाखवा. यात तुमचं नाव कुठे आहे दाखवा. दाखवलंत तर मी आत्ता सनद परत करतो."

तिला वाचता येत नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. ती पडद्याकडे बघत राहिली. खरोखरच शोधल्यासारखी.

"नाही ना? मग?" दोन बोटं टेबलावर आपटली. "मिळकतीचं वर्णन ही काही बदनामी नव्हे."

नाजनीन उभी राहिली. "सर, निदान तो लेख काढून टाका."

"काढला तर चूक कबूल केल्यासारखं होतं. आणि सगळ्यात जास्त वाचला गेलेला तोच आहे."

नाजनीनने तिथेच फाइल बंद केली, चपला घातल्या आणि निघून गेली. पुढे तिने चिपळूणला स्वतंत्र वकिली सुरू केली. जाताना तिने द्वारकाबाईला सांगितलं होतं की यांच्याविरुद्ध तक्रार कर, मी लिहून देते, आणि अपील मी चालवते. द्वारकाबाई नाही म्हणाली. "ज्यान घालवलान, त्यानच आनायचा," म्हणाली. मला हा हट्ट मूर्खपणाचा वाटला होता. आता तितका वाटत नाही. जगात त्या माणसाकडून तिला दुसरं काही वसूल करता येण्यासारखं नव्हतं.

मोरूभाऊंनी अपील दाखल केलं, फी न घेता. त्यासाठी ते महिनाभर पुस्तकांत मान घालून बसलेले मी पाहिले आहेत. अपराध्यासारखे नव्हे, अवघड कोडं मिळालेल्या माणसासारखे. कुंदावहिनींचे गुडघे गेले होते. द्वारकाबाईला घर सोडावं लागलं तेव्हा मोरूभाऊ म्हणाले, "आमच्याकडे भाकऱ्या टाकायला या. तुमचीही सोय, आमचीही." ती येऊ लागली. लोकांना ते मोठं मन वाटलं. मोरूभाऊंना तर वाटलंच. त्यांनी त्यावरही लिहिलं, 'पराभूत अशिलाला आधार', आणि ती लिंक तुझ्या त्या श्रद्धांजलीच्या पानावर सगळ्यात वर आहे.

मोरूभाऊ गेल्यावर अपिलाचे कागद नाजनीनने मागून घेतले. या वेळी द्वारकाबाई नाही म्हणाली नाही. अपील अजून पडून आहे. तिथे निर्णय पूर्वीसारखाच होईल असं नाजनीन म्हणते, कारण खरं एकदा शपथेवर सांगून झालं की वकिलाच्या हातात फार काही उरत नाही. नाजनीनही ब्लॉग लिहिते. नुसती कलमं आणि त्यांचा अर्थ, गोष्ट एकही नाही. वाचक फार नाहीत. ईरा, तू कधी लिहिणार असलीस तर तिला फोन कर, नंबर मी देईन.

मोरूभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते त्यांना मुलाने पुण्याला नेलं त्याच्या आदल्या सकाळी. ओटीवर सामान बांधून ठेवलेलं. ते खुर्चीत, मांडीवर मुलाने दिलेला नवा फोन. द्वारकाबाई चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवून जाऊ लागली तर म्हणाले, "थांबा. इथे उभ्या राहा, उजेडात. जायच्या आधी एक शेवटचा लेख टाकतो. फोटो हवा."

ती घाबरली. पदर तोंडावर ओढून घेतला.

"चेहरा नको, चेहरा नको," मोरूभाऊ समजुतीने म्हणाले. "एवढं कळतं मला. पाठ करा इकडे."

तिने पाठ केली. मग मान न वळवता, भिंतीकडे बघत, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिने विचारलं, "सायब, तुमी जाताय. माज्या अपिलाची तारीक कदी हाय?"

"हलू नका," मोरूभाऊ म्हणाले. "थोडं डावीकडे."

ती डावीकडे सरकली.